विनोदी ऑपेरा, त्यातले गायक आणि प्रेक्षकांची दाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनोदी ऑपेराचा प्रयोग नुकताच पाहून आलेल्या किंवा पहिल्यांदाच पाहायला निघालेल्या रसिकांना प्रेक्षकांच्या प्रतिसादाविषयी जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कथानके सविस्तर सांगण्याचा हेतू नाही. हशा, टाळ्या, वन्समोअर, हुर्यो आणि या सगळ्यांचा गायकांच्या कामाशी असलेला संबंध एवढाच विषय आहे.

विनोदी ऑपेराच्या प्रेक्षकांचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

गंभीर ऑपेरामध्ये प्रेक्षक बहुधा गाणे संपल्यावर व्यक्त होतात. विनोदी ऑपेरामध्ये ते गाणे चालू असतानाच हसतात, आणि त्यामुळे त्यांचा आवाज प्रत्यक्ष संगीतात मिसळतो. हा फरक या प्रकाराच्या जन्मापासूनचा आहे. इटालियन संगीतकार पेर्गोलेझीचे ‘ला सेर्वा पाद्रोना’ 1733 मध्ये नेपल्स येथे सादर झाले ते त्याच्याच एका गंभीर ऑपेराच्या अंकांमधली मोकळी वेळ भरून काढण्यासाठी. त्यात गाणारी पात्रे दोनच, आणि तिसरे पात्र असलेला नोकर तर तोंडातून शब्दही काढत नाही. तरीही ते छोटे नाटक मूळ ऑपेरापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकले. 1752 मध्ये पॅरिसला त्याचे प्रयोग झाले, तेव्हा इटालियन विनोदी शैली श्रेष्ठ की फ्रेंच दरबारी शैली, यावर तिथल्या विद्वानांमध्ये जो पत्रकांचा भडिमार सुरू झाला, तो सुमारे दोन वर्षे चालला. देवदेवता आणि राजे-महाराजे यांच्याऐवजी मोलकरीण, कंजूष म्हातारा आणि धूर्त नोकर रंगमंचावर आले, आणि प्रेक्षकांना स्वतःसारखी माणसे गाताना दिसली. त्यांनी मोकळेपणाने हसावे, ही अपेक्षा या संगीताच्या रचनेतच आहे.

गाणे चालू असताना आपण हसलो, तर गायकाचा रसभंग होत नाही का?

होत नाही, उलट जिथे हशा यायला हवा तिथे तो आला नाही, तर रंगमंचावरची माणसे अस्वस्थ होतात. मात्र हा प्रश्न वरवर वाटतो तितका साधा नाही, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

गद्य नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो आणि पुढचे वाक्य मग टाकू शकतो. ऑपेरागायकाला ती मुभा सगळीकडे नसते, कारण खाली वाद्यवृंद चालू असतो आणि संचालकाचा हात लय धरून असतो. ती मुभा मिळते ती मुख्यतः रेचितातीव्होमध्ये, म्हणजे केवळ हार्प्सिकॉर्डच्या किंवा तशाच एखाद्या वाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या संवादांमध्ये. तिथे लय बोलण्याच्या अंगाने जाते, त्यामुळे कसलेला गायक हशाची लाट पूर्ण येऊ देतो, ती उतरू लागली की नेमक्या क्षणी पुढचा शब्द उचलतो, आणि जाणता साथीदार तेवढ्या वेळात एखादा खट्याळ सूर पेरून जातो. पाच-सहा जणांच्या समूहगानात मात्र कोणालाच थांबता येत नाही. तिथे एकाने अर्ध्या मात्रेचीही वाट पाहिली तरी सगळी इमारत डळमळते.

जुन्या संगीतकारांना ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. विनोदी गाण्यांमध्ये शब्द इतक्या वेळा पुन्हा येतात, याला संगीताच्या आकृतिबंधाची कारणे आहेतच, पण त्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे : पहिल्या वेळी ओळ हशात बुडाली, तरी दुसऱ्या वेळी ती कानावर पडते. तेव्हा मनमोकळे हसावे. फक्त हसून झाल्यावर शेजाऱ्याला तो विनोद समजावून सांगत बसू नये. हशा गायकाला बळ देतो, पण कुजबुज त्याचे लक्ष विचलित करते.

टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

एखादे स्वतंत्र गीत, द्वंद्वगीत किंवा अंक संपल्यावर, आणि वाद्यवृंदाचा शेवटचा स्वर पूर्ण झाल्यावर. उंच स्वर लागल्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट करण्याची प्रथा अनेक प्रेक्षागृहांत आहे, पण त्यामुळे संगीतकाराने मागे लिहिलेल्या समारोपाच्या ओळी वाया जातात, आणि माझ्या मते हे नुकसान टाळण्यासारखे आहे. मोत्सार्ट, रॉसिनी आणि दोनिझेत्ती यांच्या रचनांमध्ये टाळीच्या जागा ठळक असतात. व्हेर्दीच्या ‘फाल्स्टाफ’मध्ये मात्र संगीत जवळजवळ कुठेच थांबत नाही, त्यामुळे तिथे अंक संपेपर्यंत हात आवरावे लागतात.

भाषांतराच्या पट्टीवर विनोद आधीच वाचला जातो आणि गायकाने शब्द उच्चारण्यापूर्वीच लोक हसतात. यावर उपाय काय?

ही तक्रार रास्त आहे. गाण्याचे भाषांतर रंगमंचाच्या वर प्रकाशपट्टीवर दाखवण्याची पद्धत टोरोंटो येथे 1983 मध्ये कॅनेडियन ऑपेरा कंपनीच्या प्रयोगाने सुरू झाली, आणि पाहता पाहता ती जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 1995 मध्ये प्रत्येक आसनासमोर छोटी पट्टी बसवली, जी प्रेक्षकाला हवी तेव्हा बंद करता येते. या सोयीमुळे भाषा न जाणणाऱ्या असंख्य लोकांना विनोदी ऑपेरा खऱ्या अर्थाने खुला झाला, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु डोळा ओळ एका झटक्यात वाचतो, आणि गायकाला तीच ओळ गाण्यासाठी कित्येक मात्रा लागतात. कळीचा शब्द ओळीच्या शेवटी असेल, तर हशा तो शब्द येण्यापूर्वीच होऊन जातो आणि गायकाची सगळी तयारी फुकट जाते.

यावरचा खरा उपाय पट्टी चालवणाऱ्याच्या हातात असतो. तो ओळ दोन तुकड्यांत तोडून कळीचा शब्द अगदी त्या स्वराबरोबर दाखवू शकतो, आणि चांगल्या संस्थांमध्ये हे काम वाद्यवृंदाची संहिता वाचता येणाऱ्या व्यक्तीकडेच असते. प्रेक्षकाने करण्यासारखे एवढेच आहे की, कथानक आणि शक्य तर मुख्य गाण्यांचा मजकूर आधी वाचून जावे, म्हणजे प्रयोगात नजर पट्टीऐवजी गायकाच्या चेहऱ्यावर ठेवता येते.

वन्समोअर मागणे शिष्टाचाराला धरून आहे का?

एके काळी ते इतके सर्रास होते की, त्याला आवर घालण्यासाठी सम्राटाला लक्ष घालावे लागले. मोत्सार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेराचा पहिला प्रयोग 1 मे 1786 रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झाला. दुसऱ्या प्रयोगात पाच आणि तिसऱ्यात सात गाणी पुन्हा गावी लागली, आणि त्यांतले एक लहानसे द्वंद्वगीत तर तीन वेळा गायले गेले, असे मोत्सार्टच्या वडिलांच्या पत्रावरून समजते. त्यानंतर सम्राट दुसऱ्या योझेफने असा हुकूम काढला की, एकाहून अधिक आवाजांसाठी असलेली कोणतीही रचना पुन्हा गायली जाऊ नये. या हुकमातली बारीक खोच लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोग फार लांबू नयेत ही त्याची इच्छा होती, परंतु एकल गाण्याला मिळणारा वन्समोअर हा गायकाच्या नावलौकिकाचा भाग आहे, हेही त्याला कळत होते, म्हणून त्याने तो काढून घेतला नाही.

पुढे वारे फिरले. तोस्कानिनी यांच्यासारख्या संचालकांनी नाट्याची सलगता महत्त्वाची मानून वन्समोअरला कडाडून विरोध केला, आणि मोठ्या प्रेक्षागृहांत ती प्रथा मागे पडली. मिलानच्या ला स्कालामध्ये 1933 मध्ये शालियापिन यांनी रॉसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’मधले निंदानालस्तीचे गाणे पुन्हा गायले होते; त्यानंतर तिथे एकल वन्समोअर झाला तो थेट 2007 मध्ये, जेव्हा हुआन दिएगो फ्लोरेझ यांनी दोनिझेत्तीच्या ‘पलटणीची कन्या’ या ऑपेरातले ‘आ! मेझामी’ दुसऱ्यांदा गायले. पुढच्याच वर्षी मेट्रोपॉलिटनमध्येही त्यांनी तेच गाणे पुन्हा गायले. या गाण्यात प्रथेप्रमाणे वरच्या ‘सी’ या अतिशय उंच स्वराची नऊ शिखरे असतात, आणि ती एकदा सर करणेही अनेकांना जमत नाही. दोन्ही प्रसंगी ऑपेरा विनोदीच होता, यात मला नवल वाटत नाही. विनोदी ऑपेरातला नायक आनंदाने उड्या मारत असताना त्याचा आनंद पुन्हा एकदा ऐकला, तर कथेचा धागा तुटत नाही. मरणासन्न नायिकेला मात्र पुन्हा मरायला सांगता येत नाही.

दोनिझेत्तीच्याच ‘डॉन पास्क्वाले’मध्ये तर वन्समोअर जवळजवळ ठरलेलाच असतो. तिसऱ्या अंकात म्हातारा पास्क्वाले आणि डॉक्टर मालातेस्ता आपापला कट रचत प्रचंड वेगाने शब्द फेकतात. आधी एकेकटे, मग दोघे एकत्र. गाणे संपले की अनेक ठिकाणी दोघेही पडद्यासमोर येतात आणि मागे देखावा बदलला जात असताना तोच द्रुत भाग पुन्हा गातात. तिथे अवश्य वन्समोअर मागावा. इतरत्र टाळ्या मनापासून वाजवाव्यात आणि निर्णय संचालक व गायक यांच्यावर सोडावा, कारण पुढच्या अंकासाठी गळा किती शिल्लक ठेवायचा आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

‘ब्राव्हो’ म्हणावे की ‘ब्राव्हा’?

इटालियन रीतीप्रमाणे पुरुष गायकाला ‘ब्राव्हो’, गायिकेला ‘ब्राव्हा’ आणि अनेकांना मिळून ‘ब्राव्ही’ म्हणतात. कोणी सगळ्यांनाच ‘ब्राव्हो’ म्हटले, तरी कोणीही गायक दुखावत नाही.

गायकाचा अभिनय बहारदार, पण आवाज बेताचा असेल, तर दाद कशाला द्यायची?

हा वाद कधी मिटलेला नाही. विनोदी ऑपेरातल्या खर्जाच्या पुरुषपात्रांना, म्हणजे ज्यांना बासो बुफो म्हणतात त्यांना, प्रेक्षक फार लवकर माफ करतात. पोट पुढे काढून चालणारा, टोप सारखा करणारा, धापा टाकणारा म्हातारा दिसला की हशा पिकतो, आणि मग स्वर निसटले काय किंवा शब्द गिळले काय, कोणी विचारत नाही. मला हे पटत नाही. ‘सेव्हिलचा न्हावी’मध्ये डॉक्टर बार्तोलो आपण सांभाळत असलेल्या पोरक्या मुलीला दम भरतो, त्या गाण्याच्या द्रुत भागात शब्दांचा असा मारा आहे की, श्वास घ्यायला जागा सापडणे मुश्कील. त्यातला विनोद असा आहे की, रागाने बेभान झालेला माणूस तालाच्या बाबतीत मात्र काटेकोर असतो. एक अक्षर घसरले तरी तो विनोद विरतो, आणि मग त्याच्या जागी अंगविक्षेप आणावे लागतात. म्हणून असे गाणे ऐकताना क्षणभर डोळे मिटून पाहावे : नुसत्या आवाजावरही हसू येत असेल, तर गायक खरा.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगणारा एक सुंदर प्रसंग उपलब्ध आहे. ‘फिगारो’च्या पहिल्या प्रयोगात तोतऱ्या न्यायाधीशाचे काम मायकेल केली या आयरिश गायकाने केले होते. त्याने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिले आहे की, तिसऱ्या अंकातल्या सहा जणांच्या समूहगानात त्याने तोतरे बोलू नये, त्यामुळे इतरांचे संगीत बिघडेल, असे मोत्सार्टने त्याला बजावले होते. हा समूहगानाचा भाग मोत्सार्टचा विशेष लाडका होता. केलीचे म्हणणे असे की, जो माणूस सगळ्या नाटकात अडखळत बोलतो, तो इथेच एकाएकी अस्खलित कसा होईल. आणि संगीताला धक्का न लावता आपण हे करून दाखवू, असा शब्द त्याने दिला. प्रयोगात त्याने तसे केले, प्रेक्षकांमध्ये हास्याचा स्फोट झाला, खुद्द मोत्सार्टलाही हसू आवरेना, आणि प्रयोगानंतर त्याने रंगमंचावर येऊन केलीचे दोन्ही हात हातात घेतले. हकीगत केलीची स्वतःची आहे, तेव्हा तीत थोडा आत्मगौरव असणारच. तरीही तिच्यातला निकष मला आजही योग्य वाटतो : अभिनयाने हशा जरूर मिळवावा, पण शेजारच्या गायकाची मात्रा चुकवून मिळवू नये.

सगळे प्रेक्षागृह एकाएकी चिडीचूप झाले, तर विनोद फसला असे समजायचे का?

मुळीच नाही. उत्तम विनोदी ऑपेरामध्ये अशी एखादी जागा असतेच, जिथे संगीतकार प्रेक्षकांच्या तोंडचे हसू काढून घेतो. ‘डॉन पास्क्वाले’च्या तिसऱ्या अंकात, म्हाताऱ्याला धडा शिकवण्यासाठी त्याची खोटी बायको बनलेली नोरिना नटूनथटून नाटकाला निघालेली असते. पास्क्वाले तिला अडवतो, दोघांची जुंपते, लोक खदखदून हसत असतात, आणि ती त्याच्या कानशिलात लगावते. पुष्कळदा या चपराकीवरही आधी हशा येतो. पण लगेच संगीत खिन्न होते, ‘सगळे संपले, डॉन पास्क्वाले’ असे म्हातारा स्वतःशीच पुटपुटतो, आणि नोरिनाही मनात कबूल करते की हा धडा जरा कठोरच झाला. ज्या प्रयोगात हशा या दोन ओळींच्या आत विरतो, तिथे दोन्ही गायकांनी आपले काम चोख केले आहे, असे खुशाल समजावे. जिथे लोक पुढेही हसतच राहतात, तिथे पास्क्वालेचे केवळ सोंग केले गेले असावे, त्याच्यातला माणूस उभा राहिला नसावा.

‘फिगारो’च्या शेवटी काउंट सर्वांसमक्ष पत्नीची क्षमा मागतो, तिथेही हेच घडायला हवे. दुर्दैवाने तिथे भाषांतराची पट्टी पुष्कळदा नको तेव्हा हशा पिकवते, कारण रात्रभर उर्मटपणा केलेला माणूस अचानक ‘क्षमा कर’ म्हणतो, हे वाचायला मजेशीर वाटते. ऐकायला ते तसे नाही.

गाजलेल्या विनोदी ऑपेरांवर पहिल्या रात्री खरोखरच हुर्यो उडाली होती का?

काहींवर उडाली होती. ‘सेव्हिलचा न्हावी’ 20 फेब्रुवारी 1816 रोजी रोमच्या तेआत्रो आर्जेन्तिनामध्ये प्रथम सादर झाला, तेव्हा शिट्या आणि आरडाओरड्यात संगीत ऐकू येईना. हीच कथा पाइझिएल्लोने 1782 मध्येच संगीतबद्ध केली होती आणि ती लोकप्रिय होती, त्यामुळे रॉसिनीसारख्या एका तरुणाने तिला हात लावणे पाइझिएल्लोच्या चाहत्यांना रुचले नव्हते. त्यात रंगमंचावर एकामागून एक अपघात घडले : बासिलिओचे काम करणारा गायक पडून जखमी झाला, आणि एक मांजर मधेच रंगमंचावर फिरू लागले, असे सांगतात. दुसऱ्या रात्री रॉसिनी घरीच थांबला, आणि त्याच रात्री प्रेक्षकांनी ऑपेरा डोक्यावर घेतला. संगीत तेच होते, मुख्य गायकही तेच होते. फरक एवढाच होता की, या वेळी लोकांनी ते ऐकले.

मग प्रयोग आवडला नाही, तर हुर्यो करणे योग्य आहे का?

प्रेक्षकाला नापसंती दाखवण्याचा अधिकार आहे. ला स्कालाच्या वरच्या गॅलरीतले रसिक तो अधिकार किती कठोरपणे वापरतात, हे सर्वश्रुत आहे. माझे मत मात्र स्पष्ट आहे : दिग्दर्शकाची कल्पना फसली असेल, तर ती नाराजी प्रयोगाच्या अखेरीस तो समोर येईल तेव्हा दाखवावी, गाणाऱ्या व्यक्तीवर चालू प्रयोगात ओरडू नये.

यामागे व्हेर्दीचे उदाहरण आहे. त्याने तरुणपणी लिहिलेला ‘उन जोर्नो दी रेन्यो’ हा विनोदी ऑपेरा 1840 मध्ये ला स्कालामध्ये सपशेल पडला आणि एका प्रयोगानंतर मागे घेण्यात आला. त्याची दोन्ही मुले त्याआधीच गेली होती आणि पत्नीचा मृत्यू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही ती रात्र तो विसरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा नव्हती, त्यांनी तो ऑपेरा शांतपणे सहन केला असता तरी आपण ऋणी राहिलो असतो, अशा आशयाचे त्याने जवळजवळ वीस वर्षांनंतरच्या पत्रात लिहिले आहे. पुढचा विनोदी ऑपेरा, म्हणजे ‘फाल्स्टाफ’, रंगमंचावर आला तो 1893 मध्ये, त्याच्या वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. अपयशाखेरीज यामागे इतरही कारणे असतील, पण मधल्या त्रेपन्न वर्षांत त्याने आणखी एखादा विनोदी ऑपेरा लिहिला असता तर, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. शांत राहणे, टाळ्या न वाजवणे, ही पुरेशी बोलकी नापसंती आहे, आणि ती रंगमंचावर अचूक पोहोचते.

पैसे देऊन टाळ्या वाजवणारे लोक खरोखर असत का?

असत. पॅरिसच्या ऑपेरामध्ये 1830 च्या दशकात ऑग्युस्त लव्हासर नावाचा गृहस्थ या टाळकऱ्यांचा प्रमुख होता. तो तालमींना हजर राही आणि कोणत्या जागी किती जोराने टाळ्या पडाव्यात, याची आखणी करी. या धंद्यात कामाची वाटणीही होती : कोणी रडण्यासाठी, कोणी वन्समोअर मागण्यासाठी, तर कोणी केवळ विनोदाला हसण्यासाठी नेमलेले असे. या हसणाऱ्यांचा उपयोग उघड आहे, कारण भरलेल्या सभागृहात पहिला हसणारा मिळाला की बाकीचे आपसूक मागे येतात.

टाळ्या किती वेळ चालल्या यावरून प्रयोगाचा दर्जा ठरवता येतो का?

फारसा नाही. बर्लिनच्या डॉइच ओपरमध्ये 24 फेब्रुवारी 1988 रोजी दोनिझेत्तीच्या ‘प्रेमाचे औषध’ या विनोदी ऑपेरानंतर पावारोत्ती यांना 165 वेळा पडद्यासमोर यावे लागले आणि टाळ्या एक तास सात मिनिटे चालल्या, अशी गिनेस विक्रमांत नोंद आहे. ती दाद एका प्रयोगाला जितकी होती, तितकीच एका लाडक्या आवाजाला होती.

ध्वनिमुद्रणात प्रेक्षकांचा हशा आणि टाळ्या असाव्यात की काढून टाकाव्यात?

विनोदी ऑपेराच्या बाबतीत असाव्यात, असे मी आग्रहाने म्हणेन. केवळ ऐकताना काही वेळा लोक कशाला हसले हे समजत नाही, आणि त्याचा त्रास होतो हे खरे. पण हशावर स्वार होऊन गायक पुढची ओळ कशी उचलतो, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. ही गरज ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातही जाणवली होती. ‘फाल्स्टाफ’ची भूमिका सर्वप्रथम करणारे व्हिक्टर मोरेल यांनी 1907 मध्ये त्यातले ‘क्वान्देरो पाज्जो’ हे जेमतेम अर्ध्या मिनिटाचे गाणे तबकडीवर गायले, तेव्हा खोलीत काही श्रोते मुद्दाम बसवले होते. गाणे संपताच ते टाळ्या वाजवतात आणि वन्समोअर मागतात, मोरेल पुन्हा गातात, पुन्हा मागणी होते, आणि तिसऱ्या वेळी ते गाणे फ्रेंचमध्ये गातात. ही तबकडी आजही ऐकायला मिळते. तिन्ही वेळच्या गाण्यातला फरक लक्ष देऊन ऐकावा.